बादशाही बाग बघायची तर कुठली? बीजिंगचे अवशेष, समर पॅलेस की झुहाईची प्रतिकृती

चीनच्या छिंग घराण्याच्या बादशहांची बाग बघायला हाताशी एकच दिवस असेल तर तीन ठिकाणांमधून निवड करावी लागते. बीजिंगमधला युआनमिंगयुआन, म्हणजे 1860 साली जाळलेल्या बागेची मूळ जागा. त्याच्या शेजारचा समर पॅलेस. आणि पार दक्षिणेला, मकावच्या सीमेला लागून असलेल्या झुहाई शहरात 1997 साली उघडलेला नवा युआनमिंगयुआन. तिन्हींच्या फोटोंत तेच तळं, तोच कमानदार पूल, त्याच वळणदार छपरांच्या ओळी. त्यामुळे 'त्यातलं कुठलंही चालेल' असं वाटतं, आणि दिवस चुकीच्या जागी जातो.

आधी मूळ जागेबद्दल. बांधकाम 1707 साली कांगशी बादशहाच्या काळात सुरू झालं, त्याच्या मुलानं आणि नातवानं ते वाढवत नेलं. तीन बागा मिळून साडेतीन चौरस किलोमीटरचा पसारा. दुसऱ्या अफूयुद्धात, ऑक्टोबर 1860 मध्ये, इंग्रज-फ्रेंच फौजांनी आधी तो लुटला. मग चिनी कैदेत आपली माणसं हाल होऊन मेली याचा सूड म्हणून इंग्रजांचा वकील लॉर्ड एल्गिन यानं तो जाळायचा हुकूम दिला. त्या फौजेत पंजाबी पायदळ आणि शीख घोडेस्वारही होते. शिवाय ज्या व्यापारावरून ही युद्धं पेटली त्यातली माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच चीनला जात असे, तेव्हा आपण अगदीच त्रयस्थ म्हणून तिथे फिरत नाही. हाच एल्गिन पुढे 1862 मध्ये व्हाइसरॉय होऊन हिंदुस्थानात आला आणि 1863 मध्ये धर्मशाळेला वारला.

आज तिथे काय दिसतं? सगळ्यांना ठाऊक असलेले ते कोरीव दगडी खांब आणि मोडक्या कमानी. हे कॅस्टिल्योने या इटालियन जेझुइट धर्मप्रचारकानं आराखडे केलेले युरोपीय धाटणीचे महाल. गोम इथेच आहे. हा भाग संपूर्ण बागेच्या जेमतेम दोन टक्के होता. दगडाचा म्हणून तो थोडाफार उरला. बाकीचे लाकडी महाल, मंडप, ग्रंथालयं राख झाली. म्हणजे पाहुणा जे बघून परततो ते त्या बागेतलं सर्वांत कमी चिनी असं काहीतरी असतं. दरबाराच्या महालाच्या जागी जोतं आणि गवत. ज्याला मोकळ्या जागेत इतिहास वाचता येतो त्याला ही जागा हलवून सोडते. ज्याला 'राजवाडा' बघायचाय त्याची निराशा ठरलेली. मेट्रोचं स्टेशन दक्षिण दरवाजाशी आहे आणि दगडी महाल उत्तरेच्या टोकाला. चालून पाय दुखतात, आणि त्या भागाचं तिकीट वेगळं काढावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर तळ्यांतली कमळं हा मोठा दिलासा.

झुहाईचं सगळं याच्या उलट. 1744 साली कांगशीचा नातू छिएनलाँग बादशहा याच्यासाठी या बागेतल्या चाळीस स्थळांची रेशमावर चित्रं काढली गेली. तो संच आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, आणि महाल दिसायचे कसे हे कळायचं ते सर्वांत मोठं साधन. झुहाईत त्या चाळीसपैकी अठरा स्थळं मूळ आकारात उभी केली आहेत. जागा 1.39 चौरस किलोमीटर, म्हणजे मूळच्या निम्म्याहून कमी, तरी दरबाराच्या महालासमोर उभं राहिलं की अंगण केवढं, छप्पर केवढं, माणूस केवढासा, हे प्रमाण लगेच कळतं. बीजिंगमध्ये जोत्याकडे कितीही वेळ बघत राहिलं तरी ते कळत नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. इथला रंग फार ताजा आहे. झाडं दक्षिणेची, हवा दमट. उत्तरेच्या कोरड्या हवेसाठी आखलेली बाग ताडामाडांच्या मुलखात जरा परकी वाटते. वॉटर पार्कही याच आवारात आहे. या गोष्टीला नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. मला ते तितकंसं पटत नाही. बादशहानं तरी ही बाग कशासाठी बांधली होती? दक्षिणेतल्या प्रसिद्ध बागांच्या नकला, युरोपातून उचललेली कारंजी, चक्रव्यूह, सगळी हौसच होती. मुलं बरोबर असतील तर मोडक्या खांबांपुढे व्याख्यान देण्यापेक्षा झुहाई केव्हाही परवडतं. फक्त जून ते सप्टेंबर टाळा. उकाडा मुंबईच्या मे महिन्याची आठवण करून देईल, वर वादळांचा धोका.

समर पॅलेस या दोघांच्या मधला. अस्सल म्हणून लोक जातात, पण तोही पुन्हा उभारलेलाच आहे. छिएनलाँगनं 1750 मध्ये आईच्या साठीनिमित्त बांधायला घेतला, 1860 मध्ये तोही जळला, 1886 पासून राजमाता त्सिशीच्या काळात पुन्हा उभा राहिला, 1900 मध्ये परकी फौजांनी नासधूस केली, मग पुन्हा दुरुस्ती. मागच्या बाजूची सुझौ बाजारपेठ तर 1990 मध्ये नव्यानं बांधून पुरी झाली. त्सिशीनं नौदलाचा पैसा इकडे वळवला असं म्हणतात, आणि तळ्याकाठी हलूही न शकणारी 'संगमरवरी' नाव उभी आहे. तिचं वरचं बांधकाम प्रत्यक्षात लाकडाचं, वर दगडासारखा रंग दिलेला. 728 मीटरचा चित्रांनी भरलेला लांब सज्जा, सतरा कमानींचा पूल, तीन-चतुर्थांश भाग पाणी. गर्दी मात्र भयंकर. सकाळी दरवाजा उघडतानाच आत शिरा, तिकीट पासपोर्टवर आधीच काढून ठेवा.

झेजियांग प्रांतातल्या हेंगडिअनलाही एक भव्य प्रतिकृती आहे, पण ती सिनेमाच्या सेटांच्या गावात. मुद्दाम वाट वाकडी करावी असं मला तरी वाटत नाही.

मग ठरवायचं कसं? बीजिंगला जाणारच असाल तर झुहाईचा विचार सोडून द्या. मेट्रोच्या चार नंबर लाइनवर समर पॅलेस आणि युआनमिंगयुआन अगदी जवळजवळ आहेत; सकाळी पहिला, दुपारी दुसरा. क्रम हाच ठेवा. भरलेली बाग आधी पाहिली की रिकामी बाग समजते. फक्त मकाव-हाँगकाँगची सहल असेल तर एक दिवस झुहाईला द्या. गोव्याच्या लोकांना तर मकावमध्ये तसंही करमतं. 1844 पर्यंत या पोर्तुगीज वसाहतीचा कारभार गोव्यातूनच चालायचा. गोंगबेई नाक्यावरून पायी सीमा ओलांडायची, पुढे टॅक्सी.

एक गोष्ट मात्र विसरू नका. मकावला भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागत नाही, झुहाईला लागतो. आणि चीन करून मकावला आलात नि परत चीनमध्ये शिरायचं असेल, तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा तिथेच संपलेला असतो. अर्ज करतानाच दोन प्रवेशांचा मागा.