दोर आवळायला शिकवणारे दोन दिवस

गेल्या वर्षी जुलैत माझा पडवळ-दोडक्याचा मांडव एका रात्रीत बसला. एकही बांबू मोडला नव्हता. आडवे बांबू मेढींवरून, म्हणजे उभ्या खांबांवरून, घसरत खाली आले आणि वेलींसकट चिखलात पडले. बांधणी माझीच होती. निळी प्लॅस्टिकची दोरी, प्रत्येक सांध्याला पाच-सहा वेढे आणि वर तीन-तीन निरगाठी. गंमत अशी की निरगाठी जशाच्या तशा घट्ट होत्या. गाठ सुटलेली नसताना सांधा सुटतो कसा, हा प्रश्न डोक्यात राहिला, म्हणून यंदा मार्चमध्ये सावंतवाडीजवळच्या एका बागेत भरलेल्या दोन दिवसांच्या वर्गाला गेले. विषय होता दोराच्या गाठी आणि बांबूची बांधणी. आता नवरात्र उलटलं, वेल काढून टाकले, मांडव उभाच आहे. म्हणून आज लिहिते.

वर्ग घेणारे सर निवृत्त शिक्षक. शाळेत वर्षानुवर्षं स्काउटचं पथक चालवलेले. त्यामुळे गाठींची नावं सगळी स्काउटमधलीच: क्लोव्ह हिच, टिंबर हिच, स्क्वेअर लॅशिंग. नावांना घाबरायचं कारण नाही. क्लोव्ह हिच म्हणजे आमच्या गोठ्यात खुंट्याला दावं बांधताना घालतो तीच दोन वेढ्यांची गाठ निघाली.

पहिली सकाळ पूर्ण एकाच बांधणीत गेली, आणि मला हेच सर्वांत आवडलं. उभी मेढ आणि आडवा बांबू काटकोनात जोडायचा तर स्क्वेअर लॅशिंग. आडव्याच्या लगेच खाली मेढीला क्लोव्ह हिच घालायची, म्हणजे आडव्याला खालून आधार मिळतो. मग दोर आडव्याच्या पुढून, मेढीच्या मागून असा फिरवत तीन वेढे. वेढे शेजारी शेजारी बसले पाहिजेत, एकावर एक चढले की त्यातला एकच भार घेतो. इथपर्यंत मी घरीही जवळजवळ तेच करत होते. मी करत नव्हते ती पुढची पायरी. दोन बांबूंच्या मधल्या फटीतून, आधीच्या वेढ्यांच्या भोवती, दोन-तीन वेढे घेऊन ते जीव खाऊन ओढायचे. याला ते फ्रॅपिंग म्हणतात, मी आवळणी म्हणते. आवळणीमुळे आधीचे वेढे चिमटले जातात आणि दोर बांबूला धरून बसतो. शेवटी आडव्यावर क्लोव्ह हिच. सांधा गाठीने नाही, आवळणीने टिकतो. माझा मांडव का घसरला, याचं उत्तर मला साडेअकराच्या सुमाराला मिळालं.

माझी पहिली बांधणी सरांनी अंगठ्याने दाबली, हलवली आणि म्हणाले, "वैनी, दोर कुरवाळू नका, आवळा." मग दोराला हातभर काठी अडकवून ओढायला शिकवलं. तळहात सोलत नाही आणि जोर जास्त लावता येतो.

दोराबद्दलही नीट सांगितलं. निळी प्लॅस्टिकची दोरी गुळगुळीत असते, बांबूला धरून बसत नाही आणि उन्हात एक-दोन वर्षांत तिचे तंतू चुरायला लागतात. काथ्या खडबडीत, बांबूला चिकटून बसतो, पावसात लवकर कुजत नाही. घायपाताचा दोर काथ्याहून ताकदीचा. माझे आजोबा केवणीच्या झुडपाच्या सालीचा वाख, म्हणजे तंतू, काढून बांधायचे, ते मी सांगितल्यावर सरांनी सगळ्यांना थांबवून मला साल कशी भिजवतात ते विचारलं. शिकवणारा माणूस स्वतः शिकायला तयार असतो, हे पाहून बरं वाटलं. काथ्या बांधण्याआधी भिजवून घ्या, मऊ होतो. तीन इंची बांबूंच्या एका सांध्याला साधारण चार मीटर दोर लागतो. बाजारात जाण्याआधी सांधे मोजून ठेवा.

दुसऱ्या दिवशी तिरपी बांधणी. चार बांबूंची चौकट कितीही घट्ट बांधली तरी सरांनी एका हाताने ढकलून ती तिरकी केली. कर्णावर एक बांबू बांधला, मग दोघांनी ढकलूनही हलली नाही. तो कर्णाचा बांबू आणि चौकटीचा बांबू एकमेकांना नीट टेकत नाहीत, म्हणून सुरुवात टिंबर हिचने, जी दोघांना ओढून जवळ आणते. नंतर तीन बांबूंची तिपाई. तिथे उलट, वेढे फार आवळले तर पाय फाकतच नाहीत. संध्याकाळपर्यंत आम्ही बारा जणांनी कमरेएवढं मचाण बांधलं आणि त्यावर चौघे उभे राहिलो. एकही खिळा नाही.

आता तक्रारी. बारा जणांना एकच शिक्षक कमी पडतो. मागे उभ्या असलेल्यांना हातांची हालचाल दिसत नव्हती. बांबूला बांबू जोडून लांबी वाढवायची गोल बांधणी शेवटच्या वीस मिनिटांत उरकली. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगितलीच नाही: बांबू ओला असेल तर वाळताना आकसतो आणि बांधणी सैल पडते. मी एप्रिलमध्ये ताज्या तोडलेल्या माणग्याचा (आमच्याकडचा बांबूचा एक प्रकार) मांडव घातला, बारा बाय दहा फुटांचा. मेच्या अखेरीस एकोणीसपैकी सात सांधे हाताने हलत होते. ते सोडून पुन्हा आवळले, मग पावसाळाभर काही हललं नाही. हे एक वाक्य वर्गात सांगितलं असतं तर माझे दोन दिवस वाचले असते. सरांना मी ते फोन करून कळवलं, पुढच्या वेळी सांगेन म्हणाले.

फी अठराशे, दोन्ही जेवणं आणि दोर धरून. जेवण साधं, सोलकढी चांगली. पैसे वसूल.

जानेवारीत पुन्हा वर्ग आहे. पुतण्याला पाठवतेय, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मीही जाणार आहे, त्या गोल बांधणीसाठी. मिरीच्या वेलाला लांब काठी हवी आहे आणि माझ्याकडचे माणगे तोकडे पडतात.