लौकिक, ऐहिक की धर्मनिरपेक्ष? धर्माबाहेरच्या गोष्टीला कोणता शब्द लावावा

सोलापुरातल्या एका सभागृहाच्या आरक्षण-अर्जावर दोन रकाने पाहिले: ‘धार्मिक कार्यक्रम’ आणि ‘धर्मनिरपेक्ष कार्यक्रम’. दुसऱ्या रकान्याखाली कंसात वाढदिवस, निरोप समारंभ, साड्यांचा सेल असे छापले होते. साड्यांचा सेल धर्मनिरपेक्ष असतो हे वाचून हसू येते, कारण निरपेक्ष राहायला कोणाची तरी भूमिका असावी लागते आणि सेलला ती नसते. असा अर्ज, सूचनाफलक किंवा लेख लिहिताना शब्द निवडायचा असेल, तर पर्याय नेमके कोठे वेगळे पडतात ते पाहावे लागते.

‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द मुख्यतः राज्यव्यवस्थेचा आहे. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत ‘सेक्युलर’ आले. मराठीत त्यासाठी ‘धर्मनिरपेक्ष’, तर हिंदीत ‘पंथनिरपेक्ष’ वापरले गेले. मूळ लॅटिन ‘सेक्युलम’चा अर्थ मात्र पिढी, युग, शतक असा काळाचा होता. ख्रिस्ती लेखनात तो शाश्वताच्या विरुद्ध असलेल्या ‘या जगाचा’ वाचक झाला, इतका की मठाबाहेर, लोकांत राहून काम करणाऱ्या पाद्र्यांनाही सेक्युलर म्हणत. त्यापासून ‘सेक्युलॅरिझम’ हे विचारसरणीचे नाव घडवले इंग्रज विचारवंत जॉर्ज जेकब होलिओक यांनी, 1851 मध्ये. त्या विचारसरणीला मराठीत ‘इहवाद’ म्हणणे मला अधिक नेमके वाटते.

धर्माबाहेरच्या गोष्टीसाठीच्या ‘प्रोफेन’ या दुसऱ्या इंग्रजी शब्दाची व्युत्पत्ती याहून चित्रमय आहे: लॅटिनमध्ये ‘फानुम’ म्हणजे देऊळ, ‘प्रो’ म्हणजे समोर, जे देवळाच्या आत नाही, दारापुढे आहे ते. सोलापूरच्या गड्डा यात्रेत सिद्धेश्वर मंदिराजवळच्या होम मैदानावर पाळणे आणि खेळण्यांची दुकाने लागतात, ती या मूळ अर्थाने अगदी तंतोतंत बसतात. (होमाचा विधीही त्याच मैदानावर होतो, त्यामुळे रेघ वाटते तितकी सरळ नाही.) पुढे या शब्दाला विटाळाचा, अभद्राचा वास लागला, म्हणून त्याचे भाषांतर ‘अपवित्र’ असे करू नये, पाळण्यात बसणे अपवित्र नाही.

आपल्याकडचा जुना शब्द ‘लौकिक’. पतंजलीच्या ‘महाभाष्य’ या संस्कृत व्याकरणग्रंथाच्या आरंभीच शब्दांचे लौकिक आणि वैदिक असे दोन वर्ग येतात, म्हणजे लोकांच्या बोलण्यातले आणि वेदांतले. लॅटिन ‘सेक्युलम’ काळ मोजतो, हा माणसांकडे बोट दाखवतो. अडचण एवढीच की मराठीत शाळा ‘लौकिक’ मिळवते आणि तेथे तो कीर्ती होतो. ‘लौकिक अर्थाने तो शिकलेला नव्हता’ या वाक्यात मात्र जुना अर्थ शाबूत आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषकांना हा घोळ जाणवत नसावा, कारण तेलुगूत राज्यव्यवस्थेसाठीही ‘लौकिक’च रूढ आहे. कन्नडमध्ये ‘जात्यतीत’ म्हणतात, आणि तो शब्द मराठी कानाला जातीपुरताच वाटतो.

‘ऐहिक’ हा ‘इह’पासून, म्हणजे ‘येथे’पासून आला. त्याची जोडी पारलौकिकाशी आहे. म्हणून सुख, लाभ, इच्छा यांना तो शोभतो, सभागृहाच्या भाड्याला नाही. ‘प्रापंचिक’ घरसंसारापुरता राहतो. ‘निधर्मी’ तर टाळावाच, कारण तो बहुधा आरोपाच्या सुरात उच्चारला जातो.

तेव्हा कायदा आणि शासन यांबद्दल लिहिताना ‘धर्मनिरपेक्ष’, जुन्या वाङ्मयाची वा कलेची वर्गवारी करताना ‘लौकिक’, माणसाच्या आकांक्षांबद्दल ‘ऐहिक’. अर्जाच्या रकान्यासाठी मी ‘धर्मेतर’ निवडेन: शब्द थोडा कोरडा आहे, पण त्यात कीर्ती नाही, आरोप नाही आणि राज्यघटनाही नाही. सत्यनारायणाची पूजा पहिल्या रकान्यात जाईल, साड्यांचा सेल दुसऱ्या. आणि नोंदणी पद्धतीने झालेल्या लग्नाचा स्वागत समारंभही दुसऱ्यातच, मग पंगतीत वरणभातावर तूप वाढताना कोणी श्लोक म्हटला तरी.