वेंगुर्ल्याची कांदळवन सफारी: फक्त भरतीची वेळ विचारून जा

वेंगुर्ल्यात मांडवी खाडीवर स्वामिनी बचत गटाच्या ताई होडीतून कांदळवन, म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणारं जंगल, दाखवतात, २०१७ पासून चालू आहे, आणि कोकणात बीच सोडून काय बघायचं असं कोणी विचारलं की मी डोळे झाकून हेच सांगते. होडीला इंजिन नाही, ताई स्वतः वल्ही मारतात. दुसरीकडे एका मोटरबोटीत बसलो होतो, स्पीकरवर गाणी, डिझेलचा वास, पक्षी आम्ही पोचायच्या आधीच उडालेले. इथे खंड्या फांदीवर आरामात बसून राहतो आणि आपण खालून जातो.

पण खरी मजा ताईंच्या सांगण्यात आहे. तिवर नावाच्या इथल्या झाडाचं एक पान तोडून चाटायला लावलं, जिभेला चक्क मीठ! उन्हात धरलं तर पांढरे बारीक कण दिसतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, आपल्या परसातलं झाड त्यात जळून जाईल, तिवर ते मीठ पानावाटे बाहेर टाकतो. आणि खाडीचं पाणी काही कायम एकसारखं नसतं, पावसाळ्यात वरून गोडं पाणी लोटतं आणि मे महिन्यात तीच खाडी खारट होते, शिवाय गोडं पाणी हलकं म्हणून वर तरंगतं आणि भरतीचं खारं पाणी जड म्हणून खालून आत सरकतं, म्हणजे एकाच जागी वर वेगळी चव आणि तळाला वेगळी असू शकते. हे सगळं सोसणारी झाडंच इथे टिकतात.

चिखल बघून नाक मुरडू नका प्लीज. वरून येणारा बारीक गाळ खाऱ्या पाण्यात आला की कण एकमेकांना चिकटतात, जड होऊन तळाशी बसतात, त्यातून हा चिखल होतो. त्यात हवा नाही म्हणून तिवराची मुळं पेन्सिलीसारखी वर येऊन श्वास घेतात. कांदळ या इथल्या दुसऱ्या झाडाचं बी तर झाडावरच रुजतं, लांब हिरव्या शेंगा लोंबत असतात आणि पडल्या की तिथेच चिखलात रुततात किंवा पाण्याबरोबर लांब जातात. मुळांना कालवं (शिंपले) चिकटलेली, खाली कुर्ल्या (खेकडे). आपण ताटात जी मासळी घेतो त्यातल्या कितीतरी माशांची पिल्लं याच मुळांत वाढतात, म्हणून खाडीत भराव टाकलेला बघितला की माझा जीव तुटतो.

वेळेचं नीट बघा. भरती चढत असताना गेलात तर होडी झाडांच्या आत शिरते, पूर्ण ओहोटीला मुळं छान दिसतात पण आत फार जाता येत नाही. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे मैत्रिणीने मागच्या आठवड्यात सांगितलेली वेळ तुम्हाला चालणार नाही, आधी फोन करून विचारा. टोपी आणि पाणी घ्या, पोरांना नक्की न्या.