प्रोस्टेटच्या रोजच्या गोळीसाठी जनऔषधी केंद्र

वाढलेल्या प्रोस्टेटसाठी, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीसाठी, एकदा सुरू झालेली गोळी बहुधा वर्षानुवर्षे सुटत नाही, म्हणून तिची किंमत पाकिटावर न पाहता वर्षाच्या हिशेबाने पाहावी लागते. दोन दुकानांच्या दरांत गोळीमागे दहा रुपयांचा फरक असला, तरी वर्षाला 3,650 आणि दहा वर्षांत 36,500 रुपये होतात. हा खर्च बहुतेकांच्या खिशातूनच जातो, कारण मेडिक्लेम पॉलिसी सहसा रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाचा खर्च देते, घरी रोज घ्यायच्या गोळ्यांचा नव्हे. निवृत्तीवेतनावर जगणाऱ्या माणसाला स्वस्त जेनेरिक औषधे विकणाऱ्या जनऔषधी केंद्राचा आधार वाटतो तो याच ठिकाणी.

2008 साली सुरू झालेल्या या सरकारी योजनेत टॅमसुलोसिन 0.4 मिलिग्रॅम आणि टॅमसुलोसिन-ड्युटास्टेराइड ही दोन औषधे एकत्र असलेली जोडगोळी, अशी या विकारावरची नेहमीची औषधे मिळतात. नामांकित ब्रँडच्या छापील किमतीशी तुलना केल्यास बिल सहज निम्म्यावर येते, अनेकदा त्याहूनही खाली. ‘जनऔषधी सुगम’ या ॲपवर जवळचे केंद्र आणि औषधाचा दर घरबसल्या पाहता येतो, ही सोय मला विशेष उपयोगी वाटते. स्वस्त म्हणजे हलके, अशी शंका घरातील वडीलधारे हमखास काढतात. परंतु केंद्रांत येणाऱ्या मालाची प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासली जाते, असे योजनेचे जाहीर धोरण आहे.

अडचण असते ती चिठ्ठीची. तीवर ब्रँडचेच नाव असते आणि केंद्रात तो ब्रँड नसतो. डॉक्टरांनी औषधाचे मूळ (जेनेरिक) नाव लिहावे, असा नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट 2023 मध्ये आणला आणि त्याच महिन्यात तो स्थगितही केला. त्यामुळे मूळ नाव आणि मात्रा डॉक्टरांकडून आग्रहाने लिहून घ्यावी लागते. त्यात संकोच कसला?

दराइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे जोडगोळीची गरज आहे का. टॅमसुलोसिन मूत्रमार्गाभोवतीचे स्नायू सैल करते आणि त्याचा गुण काही दिवसांत जाणवू लागतो. ड्युटास्टेराइड ग्रंथी हळूहळू लहान करते, त्याला सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ द्यावा लागतो, आणि त्याचा खरा लाभ मोठी ग्रंथी असलेल्यांनाच होतो. सोनोग्राफीत ग्रंथी लहानच दिसत असताना वर्षानुवर्षे जोडगोळी चालू असेल, तर मूत्ररोगतज्ज्ञांना विचारावे. दुसरे औषध त्यांच्या सल्ल्याने कमी झाले, तर कोणत्याही सवलतीपेक्षा मोठी बचत होते. स्वतःच्या मनाने मात्र ते बंद करू नये. ड्युटास्टेराइडमुळे रक्तातील पीएसएचे (प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका तपासण्यासाठी मोजल्या जाणाऱ्या प्रथिनाचे) प्रमाण सहा महिन्यांत साधारण निम्मे होते, हे ठाऊक नसलेल्या डॉक्टरांच्या हाती अहवाल गेला, तर खोटा दिलासा मिळू शकतो. पीएसए आणि सोनोग्राफीचा खर्च या केंद्रामुळे कमी होत नाही, हेही हिशेबात धरावे. टॅमसुलोसिन घेणाऱ्याने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी नेत्रतज्ज्ञांना तसे सांगणे आवश्यक असते, आणि ही सूचना बिलावर कुठेही छापलेली नसते.

पुरवठ्यात पडणारा खंड ही या योजनेविषयीची जुनी तक्रार आहे. टॅमसुलोसिन थांबले की त्रास थोड्याच दिवसांत परततो, म्हणून शेवटचे पाकीट फोडण्यापूर्वीच पुढचे घरी असावे. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेचा खर्च विम्यात बसतो खरा, पण अनेक पॉलिसींत या विकारासाठी दोन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ असतो, आणि गोळ्यांचा खर्च तोपर्यंत चालूच राहतो. पाचपैकी मी या केंद्रांना चार गुण देईन. उरलेला एक गुण माल नियमित मिळू लागला की देता येईल.