शिबिर की गावातच सोबत? बचतगटाच्या ताया घडवताना

पेठ-सुरगाण्यातल्या बचतगटांत नेतृत्व घडवायचं तर दोन वाटा आहेत: नाशिकला दोन दिवसांचं निवासी शिबिर, नाहीतर गावातल्या बैठकीतच सोबत बसून शिकवणं.

शिबिरात पंचसूत्री (गटाचे पाच नियम: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, नोंदी), वह्या, बँकेची कामं एकदम समजतात. इतर गावच्या बायकांशी ओळखी होतात, हेही मोठंच. पण येते ती बहुधा अध्यक्षच, आणि परतल्यावर बोलणारीही तीच एकटी उरते.

आमचा कल दुसऱ्या वाटेकडे. सलग सहा साप्ताहिक बैठकांना जा. पहिल्या दोन नुसत्या बघा: कोण बोलतं, कोण दाराशी बसतं. पुढच्या दोन बैठका वेगवेगळ्या जणींना चालवू द्या. शेवटच्या दोनमध्ये मागे बसा. कर्जाची नोंद चुकली तर पेन हातात घेऊ नका, "ताई, मागची बाकी किती होती?" एवढंच विचारा आणि थांबा. उत्तर सांगून टाकलंत की वही कायमची तुमच्याकडेच येते.

वेळ मात्र सांभाळा. भाताच्या आवणीत, म्हणजे लावणीत, कुणाला सवड नसते, दिवाळीनंतर बरीच घरं निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला जातात. म्हणून सुरुवात ऑगस्टच्या मध्याला करा. शिबिर त्यानंतर ठेवा, आणि अध्यक्षाऐवजी प्रत्येक गटातल्या दोन नव्या जणींना बोलवा.