सात नंबर, संस्था, नदी की बोअर: टेलच्या शेतकऱ्याने कोणतं पाणी धरावं?

आमच्या चारीवर, म्हणजे कालव्यातून शेतापर्यंत येणाऱ्या पाटावर, सध्या पाणी वापर संस्थेच्या सभासदत्वाचे अर्ज फिरताहेत. ही शेतकऱ्यांचीच संस्था, कालव्याचं पाणी मोजून घ्यायची आणि आपसात वाटायची. तेव्हापासून रोज कुणी ना कुणी विचारतं, "दादा, सही करू का?" मोहोळ तालुक्यात उजनी कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, माझी चार एकर जमीन आहे. पाटबंधारे खात्याकडे भरायच्या सात नंबरच्या अर्जावरचं पाणी मी वीस वर्षं घेतोय. माढ्याला बहिणीच्या सासरी संस्थेचं पाणी जवळून बघितलंय. भीमेवरून मेव्हण्यासोबत भागीत पाइपलाइन केली होती, आणि बोअर तर आमच्याकडे घरटी आहेत. म्हणून या चारही पाण्यांबद्दल मला जे वाटतं ते एकदाच लिहून काढतोय.

पाणीपट्टी किती, हा प्रश्न माझ्यासाठी शेवटचा. माझा पहिला प्रश्न असा: या पाण्याचा हिशेब मला माझ्या डोळ्यांनी बघता येतो का?

हा प्रश्न का, ते उजनीकडे बघून कळतं. धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा, उपयुक्त साठा साडेत्रेपन्नच्या आसपास. पेपरात "उजनी शंभर टक्के" येतं ते या उपयुक्त साठ्याबद्दल. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेलं, म्हणजे मृतसाठ्यातलंही तीसेक टीएमसी संपलं. याच पाण्यावर कालवे, सीना-माढा उपसा, भीमा-सीना जोडकालवा, बॅकवॉटरचे पंप, उद्योग, साखर कारखाने आणि सोलापूर शहर. प्रत्येकाला वाटतं उजनी आपली. कायद्याने नदीचं आणि कालव्याचं पाणी राज्याचं आहे, आपल्याला मिळतो तो वापराचा हक्क. तो हक्क कागदावर किती घनमीटर आहे हे ज्याला माहीत नाही, त्याचं पाणी दुसरीकडे वळलं तरी त्याला पत्ता लागत नाही. एप्रिल २०२१ मध्ये उजनीतलं ५ टीएमसी पाणी इंदापूरकडे उचलण्यासाठी सर्वेक्षणाचा आदेश निघाला. पुण्याकडून येणारं सांडपाणी, असा त्याला आधार दाखवला होता. सोलापूर जिल्हा पेटला, मे महिन्यात आदेश रद्द झाला. तेव्हा आंदोलनात मीही होतो. आमच्यातल्या एकालाही सांगता येत नव्हतं की आपल्या चारीच्या वाट्याला मुळात पाणी किती लिहिलेलं आहे. ते मला फार लागलं.

सात नंबरचा अर्ज

पावसाळा संपला की १५ ऑक्टोबरचा साठा धरून हंगामाचं नियोजन होतं, कालवा सल्लागार समितीची बैठक होते, आवर्तनं, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या फेऱ्या, ठरतात, जाहीर प्रकटन निघतं. आपण सात नंबरचा अर्ज भरायचा: गट नंबर, पीक, क्षेत्र. मागची थकबाकी असेल तर तिथेच अडतं. मंजुरी मिळाली की पाळी येते.

याच्या बाजूने बोलायचं तर ही सगळ्यात कमी कटकटीची वाट आहे. सभा नाही, निवडणूक नाही, शेजाऱ्याच्या थकबाकीची झळ नाही. ज्याचं रान हेडला, म्हणजे चारीच्या तोंडाशी, आहे त्याला यात काही तक्रारच दिसणार नाही.

टेलला गोष्ट वेगळी. आकारणी पिकाच्या क्षेत्रावर होते, मिळालेल्या पाण्यावर नाही. तीन वर्षांपूर्वी रब्बीत माझी पाळी रात्री दोनला आली. ज्वारी पोटरीत होती. मी आणि थोरला मुलगा बॅटरी घेऊन दारं धरायला गेलो. पहिले दोन सारे भरले, तिसऱ्यात पाणी अर्ध्यावर येऊन थांबलं. मुलगा चारीने वर चालत गेला, तर वरचं दार दगड लावून उचललेलं. तिथं कुणी नव्हतं. सकाळी सातला पाळी संपली तेव्हा चार एकरांपैकी दीड एकर भिजलं होतं. पट्टी मात्र चार एकरांची आली. मी कार्यालयात गेलो, तिथे रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे पूर्ण क्षेत्र "भिजले" असं लिहिलेलं. त्या रात्री चारीत किती पाणी होतं, असं विचारलं तर त्याची नोंदच नाही. भांडायचं कशावर? माझ्याकडे कागद नव्हता आणि त्यांच्याकडे आकडा नव्हता.

एक हिशेब सगळ्यांनी पाठ करावा असा आहे. एक क्युसेक पाणी (सेकंदाला एक घनफूट) एक तास चाललं तर एका एकरावर साधारण एक इंच उभं राहतं. दोन इंचाची भिजवणी म्हणजे एकरी दोन तास. माझ्या चार एकरांना एक क्युसेकने आठ तास लागतात. मला मिळाले पाच, आणि तेही कमी धारेने. हे गणित मला त्या रात्री येत असतं तर निदान तक्रार तरी नीट लिहिता आली असती.

पाणी वापर संस्था

२००५ साल आपल्यासाठी मोठं होतं. माहितीचा अधिकार आला, जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आला, आणि सिंचन पद्धतींचं शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदाही त्याच वर्षीचा. शेवटच्या कायद्याचा गाभा एवढाच: संस्थेला पाणी मोजून द्यायचं, आकारणी घनमापनावर करायची, आणि आतलं वाटप शेतकऱ्यांनी करायचं. संचालक हेड, मध्य आणि टेल या तिन्ही भागांतून सारख्या संख्येने. पीक कोणतं घ्यायचं ते शेतकऱ्याने ठरवायचं. २०११ मध्ये प्राधिकरणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि शेती, उद्योग, पिणं यांतल्या कुणाला किती पाणी हे ठरवण्याचा अधिकार मंत्रिमंडळाकडे गेला. पाणी वाटपाचा उघडपणा तिथे कमी झाला असं माझं स्पष्ट मत आहे. पण संस्थेला मोजून पाणी मागण्याचा हक्क अजून शाबूत आहे.

माढ्याला बहिणीच्या चारीवर संस्था चालते. तिच्या तोंडाशी प्रवाहमापक आहे, भिंतीवर सेंटिमीटरची पट्टी. गेल्या आवर्तनात मी तिथे होतो. दाजींनी खांद्यावरचा टॉवेल पाण्यात बुडवून पट्टीवरचा चिखल पुसला, आकडा वाचला, १८. सचिवाच्या वहीत त्या तासापुढे १८ च होता. आकड्यावरून लिटर काढायचा तक्ता वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेला. कुणीही वही उघडून बघत होतं, सचिवाला त्याचं काही वाटत नव्हतं. पाणी त्यांनाही कमीच मिळालं, धरणात कमी असलं की कोटाही कमी होतो. पण कमी किती, हे प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि पाळी टेलकडून सुरू झाली होती.

पण सगळ्या संस्था अशा नाहीत. कितीतरी नुसत्या कागदावर आहेत. प्रवाहमापक फुटलेला किंवा गाळात बुडालेला असला की संस्था असूनही पुन्हा अंदाजपंचेच चालतं, फरक एवढाच की आता शिव्या शाखा अभियंत्याऐवजी गावातल्याच अध्यक्षाला. अर्ध्या सभासदांनी पट्टी थकवली तर भरणाऱ्यालाही त्रास होतो. आणि चारी दुरुस्त न करताच ताब्यात घेतली तर गळतीचं पाणी तुमच्या कोट्यातून जातं. हे शेवटचं सगळ्यात महागात पडतं.

नदीवरून उपसा

नदीकाठच्यांना एक फायदा आजवर मिळत आला. सोलापूर शहरासाठी भीमेच्या पात्रातून औज आणि चिंचपूर बंधाऱ्यांपर्यंत पाणी सोडतात, आणि शहराच्या गरजेच्या कितीतरी पट पाणी वाटेत मुरतं, उडतं, उचललं जातं. आम्ही भागीतली पाइपलाइन याच भरवशावर केली. पण टंचाईत पिण्याचं पाणी राखायला पहिला दणका नदीकाठच्या पंपांच्या विजेला बसतो. आमचा ऊस दोनदा त्यात वाळला. शिवाय शहरासाठी उजनीपासून दुहेरी जलवाहिनी (जुनीच्या जोडीला दुसरी) हाती घेतली ती पात्रातून पाणी सोडणं कमी व्हावं म्हणूनच. शहर जलवाहिनीचं पाणी पिऊ लागलं की पात्रातलं पाणी कमी होणार, हे धरूनच नव्या पाइपलाइनचं कर्ज काढा. उपशाचा परवाना नसेल तर काढूच नका.

विहीर, बोअर, शेततळं

मालकीच्या बाबतीत हेच पाणी सगळ्यात सरळ. जमीन तुमची तर खालचं पाणी तुमचं, असं चालत आलंय, आणि सामाईक विहिरीतला हिस्सा सातबाऱ्यावर दिसतो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला एप्रिल २०२४ पासून वीजबिलही माफ आहे. पण भूजलाच्या २००९ च्या कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरीवर बंधनं आहेत आणि आमच्याकडे बोअर त्याच्या कितीतरी खाली गेलेत. सातबाऱ्यावर हिस्सा असतो, पाणी किती ते नसतं. शेजाऱ्याने आपल्यापेक्षा शंभर फूट खोल बोअर मारला की आपला कोरडा.

शेततळ्याला मी बोअरच्या वर ठेवतो. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या तळ्यात साधारण २२ लाख लिटर बसतं, म्हणजे एका एकराच्या दोन इंची दहा-अकरा भिजवण्या, तेही बाष्पीभवन न धरता. डाळिंबाची बाग ठिबकवर असेल तर हे पाणी जीव वाचवतं. उसाला नाही पुरत.

मग सही करायची का?

रान हेडला असेल आणि पाणी भरपूर मिळत असेल, तर संस्थेत जाऊन तुम्हाला स्वतःला फायदा थोडाच आहे, हे मी लपवत नाही. मध्यावर किंवा टेलला असाल तर सही करा, पण खात्याशी करारनामा होण्याआधी तीन गोष्टी बघा. चारीच्या तोंडाशी प्रवाहमापक चालू आहे का. खातं आणि संस्था मिळून करतात त्या संयुक्त पाहणीत फुटलेलं अस्तर आणि मोडकी दारं लेखी नोंदवली आहेत का, आणि दुरुस्ती ताब्यात देण्याआधी होणार का. मंजूर कोटा घनमीटरमध्ये लिहून दिलाय का. नसेल तर माहितीच्या अधिकारात आधी तोच मागा. ज्यांच्या विहिरीला पाणी आहे त्यांनीही संस्थेत यावं, कारण त्या विहिरी निम्म्या तर कालव्याच्या पाझरावर जगतात.

मी सभासदत्वाचा अर्ज भरला आहे. करारनाम्यावर सही केलेली नाही. संयुक्त पाहणी व्हायची आहे, आणि त्या दिवशी पाहणी हेडला संपवून चहाला जायचं नाही, शेवटच्या दारापर्यंत चालायचं, असं आम्ही टेलच्या चौदा जणांनी ठरवलंय.