एस२३ अल्ट्रा: साइटवर पेन चालवणाऱ्या इंजिनिअरचा अनुभव

मी सांगलीत स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. विश्रामबाग, कुपवाड, मिरज, कधी तासगाव-विट्यापर्यंत माझी कामं चालू असतात. सॅमसंगचा गॅलेक्सी एस२३ अल्ट्रा मी २०२३ च्या दिवाळीत घेतला, आणि घेतला तो फक्त पेनासाठी. हा पेन फोनच्याच खाचेत बसतो आणि स्क्रीनवर लिहितो. त्या वर्षी फेब्रुवारीत तो आला तेव्हा २५६ जीबीची किंमत १,२४,९९९ रुपये होती. दिवाळीत मला त्याहून कमीत मिळाला, तरी रक्कम मोठीच. कॅमेरा आणि वेग यांवर भरपूर लिहून झालंय. सिमेंटच्या धुळीत, उन्हापावसात रोज वापरल्यावर पेनाचं काय होतं, हे मात्र मला घेण्याआधी कुठं वाचायला मिळालं नव्हतं.

पेन माझ्या कामात कुठं लागतो ते आधी सांगते. कॉलमच्या उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या रिंगेचा हूक, म्हणजे तिचं वळवलेलं टोक, १३५ अंशात वळून आतल्या काँक्रीटमध्ये गेला पाहिजे. भूकंपात सळ्यांवरचा काँक्रीटचा थर फुटला की ९० अंशाचा हूक उघडतो, रिंग सैल होते आणि उभ्या सळ्या बाहेर फुगतात. भूकंपाला टिकणाऱ्या काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक आयएस १३९२०, त्यात हे स्पष्ट दिलेलं आहे, आणि १९६७ चा कोयनेचा भूकंप सोसलेल्या भागात तरी याच्यावर तडजोड नको. पण ९० अंशाचा हूक वळवायला सोपा, म्हणून साइटवर तोच सर्रास दिसतो. आमच्याकडे सळई बांधणारी बरीच मंडळी विजापूर, कलबुर्गीकडची, घरात कन्नड बोलणारी. फोनवर कितीही समजावलं तरी पलीकडून 'हां मॅडम' येतं आणि दुसऱ्या दिवशी रिंगा तशाच असतात.

आता मी बांधलेल्या सळईचा फोटो काढते, चुकलेल्या हुकाभोवती लाल गोल करते आणि त्याच फोटोवर शेजारी बरोबर हूक काढून १३५ लिहिते. तिथंच उभ्या उभ्या हे होतं आणि फोटो व्हॉट्सॲपवर जातो. थोड्या वेळानं दुरुस्त केलेल्या रिंगेचा फोटो परत येतो. कुपवाडच्या कामावरचा मिस्त्री मला सरळ म्हणाला, "मॅडम, लिहून नका पाठवू, चित्रच टाका की." बोटानंही फोटोवर रेघोट्या मारता येतात, पण १२ एमएमची सळई कुठली आणि ८ ची रिंग कुठली हे बोटाच्या जाड रेघेत कळत नाही. पेनाची रेघ बारीक येते, दाब बदलला तशी जाडी बदलते, आणि तळहात स्क्रीनवर टेकला तरी भलतंच काही उमटत नाही.

घरमालकांशी बोलतानाही असंच. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तेव्हापासून नदीच्या बाजूला घर बांधणारा प्रत्येक जण पहिल्यांदा विचारतो, प्लिंथ, म्हणजे घराचं जोतं, किती उचलायचा? जुन्या भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं ते लोक हातानं दाखवतात. मी त्याच भिंतीचा फोटो घेऊन पाण्याची रेघ मारते, तिच्यावर नव्या प्लिंथची रेघ आणि रस्त्यापासून किती पायऱ्या होतील त्या काढून दाखवते. घरातल्या आजीबाईंनाही ते चित्र पाहून कळतं, आणि त्या लगेच विचारतात, एवढ्या पायऱ्या मी चढायच्या कशा? मग रॅम्प कुठून घ्यायचा तेही तिथंच काढलं जातं. हे बोलणं ऑफिसात नकाशा उलगडून होत नाही.

पावसात तर या पेनाचं मोल जास्तच कळलं. स्क्रीनवर थेंब पडले की बोटाचा टच वेडावाकडा चालतो, कारण पाणीही वीज वाहून नेतं आणि फोनला ते बोटासारखं वाटतं. पेनाचं तंत्र वेगळं आहे. काचेखाली दुसरा एक थर असतो, तो चुंबकीय क्षेत्र तयार करतो आणि पेनातल्या छोट्या कॉइलला तिथूनच ऊर्जा मिळते. त्यामुळं लिहिण्यासाठी पेनाला बॅटरी लागत नाही आणि थेंबांचाही त्रास होत नाही. स्लॅब ओतताना सर आली की मी फोन शर्टाला पुसून तशीच लिहीत राहते. फोन आणि पेन दोन्ही आयपी६८ आहेत, म्हणजे धूळ-पाण्यापासून बऱ्यापैकी सुरक्षित.

लॉक असलेल्या फोनमधून पेन ओढला की काळ्या स्क्रीनवर लगेच लिहिता येतं, ही सोय मी दिवसातून सगळ्यात जास्त वापरते. खड्ड्याची खोली, काळी माती कुठं संपून मुरूम कुठं लागला, सिमेंटच्या किती बॅगा उतरल्या, सगळं तिथं लिहिलं जातं. मी ते टाइप केलेल्या अक्षरांत बदलत नाही. माझ्या अक्षरात, माझ्या खुणांसह राहिलेलं मला बिलाच्या वेळी पटकन सापडतं.

तेच चुंबकीय क्षेत्र एकदा अडचणीचं ठरलं. मी एका दुकानातून पाकिटासारखं, चुंबकानं मिटणारं कव्हर घेतलं होतं. ते लावल्यावर स्क्रीनच्या एका पट्ट्यात रेघ तुटायला लागली. दुकानदार म्हणाला, फोनच खराब आहे. कव्हर काढलं आणि रेघ पुन्हा सलग. तेव्हापासून साधं रबराचं कव्हर आहे. एवढे पैसे मोजलेल्या माणसाला कव्हर विकताना हे सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

धुळीचं म्हणाल तर पेनाची निब, म्हणजे टोक, झिजते. माझी झिजली ती बहुतेक काचेवर बसलेल्या बारीक वाळूनं. जुनी निब चिमट्यानं ओढून काढून नवी बसवता येते, अवघड काही नाही. पेनाच्या खाचेत सिमेंट जाऊ नये म्हणून मी पेन आत सरकवण्याआधी सुती फडक्यानं पुसते. पेन बाहेर राहिला आणि फोन घेऊन मी चालू लागले की फोन आठवण करतो. विटांच्या थरावर विसरलेला पेन त्यामुळं परत मिळालेला आहे.

कॅमेऱ्यात २०० मेगापिक्सेलपेक्षा मला १० पट झूमची लेन्स कामाची वाटते. पाण्याच्या टाकीच्या बीमखालची भेग शिडी न लावता जमिनीवरून दिसते. पेनाचं बटण दाबून फोटोही निघतो. एका हातात टेप, दुसऱ्यात पेन, फोन स्टँडवर: एकटीनं माप घेताना याचा फार उपयोग होतो. २०२५ च्या एस२५ अल्ट्राच्या पेनातून ब्लूटूथ काढलंय, म्हणजे पेनाच्या बटणानं फोटो तिथं निघत नाही. लिहिण्यात फरक पडत नाही, तरी मला तो निर्णय आवडलेला नाही.

खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. २३४ ग्रॅम वजन दिवसभर खिशात जाणवतं, आणि आम्हा बायकांच्या कपड्यांना एवढा मोठा खिसा मुळात नसतो. मी कमरेला पाऊच लावते. मेमरी कार्डाची जागा नाही, त्यामुळं साइटचे फोटो दर महिन्याला कॉम्प्युटरवर उतरवावे लागतात. खोक्यात चार्जर येत नाही. स्क्रीनच्या कडा किंचित वळलेल्या आहेत, तिथं रेघ मारताना पेन घसरतो. एस२४ अल्ट्राची स्क्रीन सपाट आहे, ड्रॉइंगवाल्यांना ती जास्त सोयीची. अपडेटचं वचन चार अँड्रॉइड आवृत्त्यांचं आणि पाच वर्षांच्या सुरक्षेचं, म्हणजे २०२८ च्या सुरुवातीपर्यंत. एस२४ पासून ते सात वर्षांचं झालं. चार्जिंग मी ८० टक्क्यांवर थांबवते, साइटचा दिवस त्यावर निघतो.

ज्यांना फोटो, रील आणि बँकेच्या व्यवहारांसाठी फोन हवा, त्यांनी पेनाचे पैसे देऊ नयेत. इंजिनिअर, आर्किटेक्ट, फर्निचरचं काम घेणारे, शिवणकामाचे नमुने काढणारे, ज्यांचं काम रेघेवर चालतं, त्यांनी जुना का होईना पण पेनाचा फोन घ्यावा. सेकंडहँड घेताना दुकानातच कव्हर काढा, नोट्स उघडा आणि स्क्रीनच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सावकाश तिरक्या रेघा मारा. कुठं तुटली तर पैसे देऊ नका. पेनाचं बटण दाबून फोटो निघतो का तेही बघा. नुसता लिहिणारा डुप्लिकेट पेन खाचेत घालून विकणारे भेटतात.